माँ ब्लाँवर आदळलेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२४ जानेवारी जवळ आली की विमान अपघातात गेलेल्या अणुशास्त्रज्ञ होमी भाभांच्या मृत्यूविषयीचे संदेश मोबाइलवर फिरायला लागतात. त्यात खरं थोडं आणि मीठमसाला फार असतो. विमान डोंगरावर गेलंच कसं, हा साधा प्रश्न मात्र त्या गर्दीत हरवतो. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

नेमकं काय घडलं?

एअर इंडियाची १०१ क्रमांकाची फेरी मुंबईहून निघाली होती. दिल्ली, बैरूत, जिनिव्हा आणि पुढे लंडन असा मार्ग होता. विमान बोइंग ७०७, नोंदणी व्हीटी-डीएमएन, नाव ‘कांचनजंगा’. तेव्हा एअर इंडियाच्या ७०७ विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावं दिली जात.

२४ जानेवारी १९६६ ला सकाळी, तिथल्या घड्याळात आठ वाजून गेले असतील-नसतील, विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत होतं. वाटेत आल्प्स पर्वत. त्यातलं सर्वांत उंच शिखर फ्रान्स-इटलीच्या सीमेवरचं माँ ब्लाँ, उंची सुमारे ४,८०७ मीटर. या शिखराच्या माथ्यापासून जेमतेम साठ मीटर खाली, साधारण ४,७५० मीटर उंचीवर, रोशे द ला तुर्नेत नावाच्या कड्यापाशी विमान आदळलं. कोणीही वाचलं नाही.

विमानात किती माणसं होती?

११७. त्यात १०६ प्रवासी आणि ११ कर्मचारी. हा अपघात ‘भाभांचा अपघात’ म्हणून ओळखला जातो आणि उरलेली ११६ माणसं एका आकड्यात बसवली जातात. त्या सगळ्यांच्या घरी त्या दिवशी तीच बातमी पोचली होती. म्हणून हा आकडा सुरुवातीलाच पूर्ण सांगितला.

भाभा त्या विमानात का होते?

ते व्हिएन्नाला निघाले होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीची बैठक तिथे होती. वय ५६. मुंबईत जन्मलेले, मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करणारे, तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्राचे संस्थापक. ते केंद्र पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, त्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. तेच आजचं भाभा अणुसंशोधन केंद्र.

विमानात बिघाड होता का?

विमान पाडेल असा नव्हता. पण एक गोष्ट बिघडलेली होती आणि वैमानिकाला ती बैरूत सोडतानाच माहीत होती. दोन व्हीओआर संचांपैकी दुसरा संच चालत नव्हता.

व्हीओआर म्हणजे काय? एक संच बंद असल्याने इतका फरक पडतो?

जमिनीवर ठिकठिकाणी रेडिओ केंद्रं असतात. विमानातला संच एखाद्या केंद्राचे संदेश पकडतो आणि आपण त्या केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत ते दाखवतो. म्हणजे एका केंद्रावरून नकाशावर एक रेघ मिळते. आपण त्या रेघेवर कुठेतरी आहोत इतकंच तिच्यावरून कळतं, नेमकं कुठे ते कळत नाही. दुसऱ्या केंद्राची रेघ पहिलीला जिथे छेदते, तिथे विमान असतं.

दोन संच असले की दोन्ही रेघा एकाच वेळी समोर दिसतात. एकच संच चालू असेल तर आधी एक केंद्र लावायचं, आकडा बघायचा, मग दुसरं लावायचं. तेवढ्या वेळात जेट विमान काही मैल पुढे गेलेलं असतं. अशा वेळी घड्याळ, वेग आणि वाऱ्याचा अंदाज यांवरून जागा ठरवावी लागते. अनुभवी वैमानिक हे करत असत आणि बहुतेक वेळा ते बरोबरही येई. म्हणून एक संच बंद असणं हे अपघाताचं कारण म्हणता येत नाही. चुकीला वाट मिळाली, एवढं मात्र त्याने झालं.

वैमानिकाने उंची कमी का केली?

इथे हिशेब समजून घ्यावा लागतो. माँ ब्लाँची उंची फुटांत सुमारे १५,७७०. डोंगराळ भागात सर्वांत उंच टोकापेक्षा निदान दोन हजार फूट वर राहायचं, असा सर्वसाधारण नियम. म्हणजे पावणेअठरा हजार फुटांच्या वर असाल तर सुरक्षित. विमान १९० या फ्लाइट लेव्हलवर, म्हणजे १९,००० फुटांवर होतं. तिथेच राहिलं असतं तर शिखर आरामात ओलांडलं असतं.

जिनिव्हाच्या नियंत्रकाने सूचनाही तशीच दिली होती: १९० वरच राहा, पण ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहून, डोळ्यांनी बघत खाली येता येत असेल तर या. वैमानिकाने ती मान्य केली आणि सांगितलं की आपण माँ ब्लाँच्या बरोबरीने जात आहोत, शिखर बाजूला आलंय. त्याच्या हिशेबाने डोंगराचा प्रश्न संपत आला होता आणि समोर उतार होता. शिखर पार झाल्यावर जिनिव्हाची धावपट्टी फार लांब नाही, उंची वेळेत कमी करावी लागते. त्याच्या डोक्यातल्या नकाशावर खाली येणं अगदी योग्य होतं. गफलत त्या नकाशात होती.

शेवटचं संभाषण काय होतं?

सगळ्या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

रडारवर बसलेल्या नियंत्रकाला दिसत होतं की विमान अजून माँ ब्लाँच्या बरोबरीला आलेलं नाही. वैमानिकाचा अंदाज चुकलाय हे त्याने ओळखलं. विमानाची खरी जागा त्याने बरोबर हेरली आणि वैमानिकाला कळवलं: माँ ब्लाँपर्यंत तुम्हाला पाच मैल आहेत.

वैमानिकाने उत्तर दिलं: रॉजर.

बस, एवढंच. नियंत्रकाला वाटलं, आपण चूक सुधारली. वैमानिकाला वाटलं, आपल्याला माहीत होतं तेच त्याने सांगितलं. देवळाच्या पुढे आलोय अशी खात्री असलेल्या माणसाला फोनवर ‘देऊळ पाच मिनिटांवर आहे’ म्हटलं, तर तो ती पाच मिनिटं पाठीमागे मोजतो. तसंच इथे झालं. ‘पाच मैल’ हा आकडा दोघांच्या डोक्यात एकच होता, पण कोणत्या दिशेने मोजायचे हे वेगळं होतं.

‘अजून पार झालेलं नाही, समोर आहे, खाली येऊ नका’ असं कोणी म्हटलं नाही. ‘म्हणजे शिखर अजून माझ्या पुढे आहे का?’ असं कोणी उलट विचारलं नाही. आणि रेडिओच्या भाषेत रॉजरचा अर्थ ‘तुमचा संदेश मिळाला’ इतकाच असतो. समजला की नाही, हे त्यातून कळत नाही.

जेटच्या वेगाला पाच मैल म्हणजे जेमतेम मिनिटभराची वाट. दुसऱ्यांदा विचारायला, खुलासा करायला तेवढाच वेळ होता. तो वेळ उंची कमी करण्यात गेला.

मग चूक कोणाची? वैमानिकाची की नियंत्रकाची?

फ्रेंच चौकशी आयोगाने आपला निष्कर्ष १९६७ मध्ये दिला. तो दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. पहिला: एक व्हीओआर बंद असल्याचं माहीत असलेल्या वैमानिकाने माँ ब्लाँच्या संदर्भात आपल्या जागेचा हिशेब चुकवला. नियंत्रकाने ती चूक ओळखली आणि दुरुस्ती होईल अशा समजुतीने संदेश दिला. दुसरा: पुरेशी नेमकी शब्दरचना नसल्यामुळे वैमानिकाने तो संदेश चुकीचा समजून घेतला. शिखराकडे जाणारी धार आपण ओलांडली आहे आणि आपल्या उंचीत पुरेशी सुरक्षितता आहे, या भ्रमात त्याने उतरणं चालू ठेवलं.

‘वैमानिकाची चूक’ असं एका वाक्यात खापर फोडणं म्हणजे या अहवालातला अर्धा भाग फाडून टाकणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेब त्याचा चुकला, हे खरं. पण तो चुकलाय हे जमिनीवर कळलं होतं. कळलेली गोष्ट विमानापर्यंत पोचलीही होती. तरीही ११७ माणसं गेली, ती शब्दांच्या ढिलाईमुळे. त्या काळच्या रडारवर नियंत्रकाला विमानाची उंची सहसा दिसत नसे, वैमानिक सांगेल ती खरी धरावी लागे. म्हणजे विमान खाली यायला लागलंय हे बघून ओरडायची सोयही त्याच्याकडे नव्हती.

पण समोरचा एवढा मोठा डोंगर दिसला कसा नाही?

जानेवारीतली सकाळ, आठची वेळ, त्या भागात सूर्य नुकता उगवत होता. खाली ढग, वर बर्फाने झाकलेला माथा. पांढऱ्यावर पांढरं. डोंगर मागे पडला आहे अशी खात्री असलेला माणूस समोर डोंगर शोधत नाही, त्याची नजर पुढच्या विमानतळाकडे असते.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं प्रेक्षणीय सफरीचं विमान अंटार्क्टिकात माउंट एरेबसवर आदळलं, २५७ जण गेले. तिथे तर ढगाखालची हवा स्वच्छ होती. वरचा ढग आणि खालचं बर्फ यांचा रंग असा एकजीव झाला की चढ दिसलाच नाही. प्रवाशांनी काढलेले फोटो नंतर सापडले, त्यांत हवा निवळ दिसते. उड्डाण संगणकात घातलेल्या मार्गाचे आकडे निघण्याच्या काही तास आधी बदलले होते आणि ते वैमानिकांना सांगितलेच नव्हते. आपण सपाट समुद्रावरून जातोय अशी त्यांची खात्री होती, आणि त्या खात्रीला छेद देणारं काहीही त्यांच्या डोळ्यांना दिसलं नाही.

हा घातपात होता असं सगळीकडे वाचायला मिळतं. खरं काय?

संशय का आला, ते समजण्यासारखं आहे. ११ जानेवारीला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचा ताश्कंदमध्ये मृत्यू झाला. तेराव्या दिवशी भाभा गेले. चीनने १९६४ मध्ये अणुचाचणी केली होती, भारतात बॉम्बवरून वाद चालू होता आणि त्या वादातला सर्वांत वजनदार आवाज भाभांचा होता. इतकं एकत्र आल्यावर कोणाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकेल.

बॉम्बच्या सगळ्या संदेशांचा उगम मात्र एकाच ठिकाणी जातो. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेतल्या एका माजी अधिकाऱ्याने फोनवरच्या गप्पांत ‘विमानाच्या मालखान्यात बॉम्ब ठेवला होता’ अशी कबुली दिली, असं एका लेखकाने छापलं. ते छापून आलं तेव्हा तो अधिकारी हयात नव्हता. त्या संभाषणाला दुजोरा देणारा स्वतंत्र पुरावा आजवर पुढे आलेला नाही. दुसरा दावा एका फ्रेंच संग्राहकाचा आहे. त्याने हिमनदीवर वर्षानुवर्षं अवशेष गोळा केले आणि दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली असावी असं त्याचं म्हणणं आहे. चौकशीच्या निष्कर्षात टकरीला जागा नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा हा की बॉम्बची गोष्ट घटनांना लागू पडत नाही. वैमानिक आपण शिखराच्या बरोबरीला आलो म्हणतो, रडारवर तो पाच मैल मागे दिसतो, उत्तर देऊन तो खाली यायला लागतो आणि शिखरापेक्षा किंचित कमी उंचीवर, नेमका त्याच डोंगराच्या धारेवर आदळतो. यातली प्रत्येक कडी पुढच्या कडीत अडकते. मधे स्फोट घातला तर आधीचा चुकलेला हिशेब आणि रेडिओवरचं बोलणं, दोन्ही निष्कारण लटकत राहतात.

आणि भाभा गेल्याने अणुकार्यक्रम थांबला, असंही नाही. त्याच वर्षी विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९७४ मध्ये पोखरणला पहिली चाचणी झाली.

एअर इंडियाचं आणखी एक विमान तिथेच पडलं होतं, हे खरं का?

खरं आहे. ३ नोव्हेंबर १९५० ला ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं कॉन्स्टेलेशन विमान याच माँ ब्लाँवर, याच रोशे द ला तुर्नेतच्या भागात आदळलं. तेही मुंबईहून निघालेलं, कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला जाणारं. त्यात ४८ माणसं होती आणि बरेचसे प्रवासी भारतीय खलाशी होते, जहाजावर रुजू व्हायला निघालेले. शोधासाठी वर चढलेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शामोनी या फ्रेंच गावचा वाटाड्या रने पायो बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला.

पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच कंपनीची दोन विमानं एकाच कड्यावर पडल्याने लोकांना यात काहीतरी गूढ वाटतं. भूगोल बघितला की ते गूढ उरत नाही. पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून जिनिव्हाला येताना आल्प्स ओलांडावाच लागतो आणि त्या वाटेवरचं सर्वांत उंच टोक हेच आहे.

इतक्या वर्षांनी वस्तू अजून कशा सापडतात?

माथ्याजवळ पडलेल्या वस्तूंवर बर्फ साचत गेलं, ते दाबलं जाऊन घट्ट झालं आणि हिमनदीचा भाग बनलं. या बाजूची बोसाँ हिमनदी फार उताराची आहे, त्यामुळे हिमनद्यांच्या मानाने झपझप सरकते. वर गाडलं गेलेलं काही दशकांनी खालच्या टोकाला, शामोनीच्या खोऱ्याकडे, बाहेर पडतं. अलीकडे बर्फ जास्त वितळत असल्याने वस्तूही जास्त दिसतात.

ऑगस्ट २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असलेली राजनैतिक टपालाची पिशवी मिळाली. तिच्यात रहस्य वगैरे निघालं नाही. वर्तमानपत्रं होती, कॅलेंडरं होती. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला धातूची पेटी सापडली, तिच्यात पाचू, माणिक, नीलम. त्याने ती सरळ पोलिसांकडे नेऊन दिली. मालकाचे वारस सापडेनात, तेव्हा २०२१ मध्ये फ्रेंच कायद्याप्रमाणे खड्यांची वाटणी झाली: अर्धे गिर्यारोहकाला, अर्धे शामोनी नगराला. प्रत्येक वाट्याची किंमत सुमारे दीड लाख युरो.

मला स्वतःला सर्वांत जास्त हलवून टाकतात ती २०२० मधली वर्तमानपत्रं. हिमनदीजवळ उपाहारगृह चालवणाऱ्या माणसाला ती मिळाली. ओली, एकमेकांना चिकटलेली, त्याने उन्हात वाळवली. ‘नॅशनल हेराल्ड’, ‘इकॉनॉमिक टाइम्स’. मथळा इंदिरा गांधींच्या निवडीचा, भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान. विमान पडलं त्याच दिवशी दिल्लीत त्यांचा शपथविधी झाला. ५४ वर्षांनंतरही ती अक्षरं वाचता येत होती.

असा अपघात आज होऊ शकतो का?

खूप अवघड झालंय, अशक्य झालेलं नाही. धडधाकट विमान, ताब्यात असलेलं, आणि तरी नकळत जमिनीवर नेलेलं, या प्रकाराला हवाई क्षेत्रात सीफिट म्हणतात. सत्तरच्या दशकापर्यंत प्रवाशांचे सर्वांत जास्त जीव घेणाऱ्या प्रकारांत तो होता.

१ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत टीडब्ल्यूएचं विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं आणि ९२ जण गेले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकाने एक घेतला, नियंत्रकाने दुसरा. पुन्हा शब्दच. त्यानंतर अमेरिकेने मोठ्या विमानांना जमिनीचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं केलं. डॉन बेटमन या अभियंत्याने ते विकसित केलं होतं. ते खालच्या जमिनीचं अंतर मोजायचं, पण समोर उभा कडा असेल तर इशारा उशिरा मिळायचा. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियात काली शहराजवळ तेच झालं. वैमानिकांनी संगणकात एका रेडिओ केंद्रासाठी ‘आर’ हे अक्षर दाबलं, संगणकाने भलतंच केंद्र निवडलं, विमान वळून डोंगररांगेकडे गेलं. इशारा मिळाला तेव्हा दहा-बारा सेकंद उरले होते. १६३ पैकी चौघेच वाचले.

नवीन यंत्रणेत जगभरच्या भूप्रदेशाचा नकाशाच साठवलेला असतो. विमान कुठे आहे आणि कुठे चाललंय हे ताडून ती बरीच आधी सूचना देते. ‘कांचनजंगा’वर अशी यंत्रणा असती तर रेडिओवरची गफलत होऊनही विमान वाचण्याची मोठी शक्यता होती.

पण यंत्राचं ऐकावं लागतं. २८ जुलै २०१० ला इस्लामाबादजवळ एअरब्लूचं विमान मार्गल्ला टेकड्यांवर आदळलं आणि १५२ जण गेले. त्या विमानात यंत्रणा होती आणि ती पुन्हा पुन्हा इशारे देत होती.

महाराष्ट्रात असा अपघात झाला आहे का?

हो, आणि तो आपल्याकडे जवळजवळ विसरला गेला आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर अलिटालियाचं डीसी-८ विमान मुंबईला उतरायला येत होतं. सिडनीहून निघून बँकॉकमार्गे आलेलं. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरच्या डोंगराळ भागात ते आदळलं. ९४ माणसं गेली. निष्कर्ष असा निघाला की विमान मुंबईच्या आहे त्यापेक्षा जवळ आलंय, या समजुतीने उंची लवकर कमी केली. ठरलेली किमान उंची पाळली नाही आणि या भागातल्या डोंगरांची माहिती कमी पडली. जिनिव्हाच्या वाटेवर साडेतीन वर्षांनी झालं, त्याचंच हे सह्याद्रीतलं रूप.

शामोनीला गेल्यावर हिमनदीवर काही सापडलं तर काय करावं?

उचलून पिशवीत घालू नये. जागेचा फोटो काढावा आणि शामोनीच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे जांदार्मरीत, कळवावं. २०१७ मध्ये तिथे मानवी अवशेषही मिळाले आहेत, त्यामुळे असं काही दिसलं तर हात न लावता लगेच सांगावं. हिमनदीवर वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. भेगा वरच्या ताज्या बर्फाने झाकलेल्या असतात.